मामांची तिसरी शिवी

मुरुडला सुट्टीवर आलो की हॉटेलात चहा पाजणारे मित्र पहिला प्रश्न एकच विचारतात, "समुद्रात दिसतं काय रे?" पाणी! दुसरं काय दिसणार? पण बावीस माणसं नऊ महिने एका लोखंडी डब्यात कोंडा, बायको फक्त फोनवर दाखवा, आणि मग बघा. किस्से साचतच जातात. त्यातले निम्मे चारचौघांत सांगता येत नाहीत. उरलेल्यातले काही सांगतो, तेही जपून!

आमच्या मालवाहू जहाजावर मी चीफ ऑफिसर. बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, मुखेडचे. सगळे त्यांना मामा म्हणतात, फिलिपिनो खलाशीसुद्धा. नवीन लग्न झालेला कोणी जहाजावर चढला की मामा त्याच्या पाठीवर थाप मारून सांगणार, "अँकर अन् नवरदेव, दोघांनी बी घाई करू न्हाई. आधी खोली बघावी!" माझ्या लग्नात हेच वाक्य त्यांनी मला भर मांडवात ऐकवलं. शेजारी सासरे उभे! मला घाम फुटला. सासरे मान हलवून म्हणाले, "बराबर हाय."

* * *

एकदा मामा सुट्टीवर असताना मुखेडच्या स्टँडवर एसटी रिव्हर्स घेत होती. बाजाराचा दिवस, ही गर्दी! कंडक्टरचा पत्ता नव्हता. मामांना राहवलं नाही. गाडीमागं उभे राहून त्यांनी धक्क्याला जहाज लावावं तशी ती लावून दिली, प्रत्येक फुटाला एक शिवी या हिशेबानं. बायकांनी कानांवर पदर घेतले. गाडी मात्र इंचभरही इकडंतिकडं झाली नाही. ड्रायव्हर खाली उतरला, मामांकडं आदरानं बघत म्हणाला, "भाऊ, कोणत्या डेपोचे?"

* * *

कारण मामांच्या शिव्या रागाच्या नाहीत, कामाच्या आहेत! पहिली शिवी म्हणजे दोर ओढा. दुसरी म्हणजे थांबा. तिसरी म्हणजे जीव घेऊन पळा. ती क्वचितच निघते, पण तिन्ही सगळ्यांना पाठ. ग्रीक कॅप्टन आले, रशियन आले, त्यांना अक्षरही कळलं नाही आणि सगळे मामांवर खूश. मग आला पुण्याचा कॅप्टन. त्याला सगळं कळलं!

त्यातून सोबत वहिनी होत्या. पहिल्याच दिवशी त्यानं मामांना बोलावलं. "बोसन, माझी पत्नी जहाजावर आहे. यापुढे एक जरी अपशब्द कानावर आला, तर पुढच्या बंदरातून तुम्ही घरी. तसा शेरा लिहून."

मामांची ही निवृत्तीआधीची शेवटची फेरी होती. तीस वर्षांत एकही वाईट शेरा नाही. माझ्या केबिनमध्ये येऊन ते म्हणाले, "साहेब, शेवटाला कागद काळा करून गावाकडं जाऊ का? न्हाई. आता तोंडाला कुलूप." मला फार वाईट वाटलं.

* * *

दुसऱ्या दिवसापासून मामा डेकवर "प्लीज, माय फ्रेंड, स्लोली" म्हणू लागले. खलाशी घाबरले! रॉडेल नावाचा आमचा फिलिपिनो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "चीफ, बोसनच्या घरी कोणी वारलं का?"

* * *

पण पोटातली वाफ जाणार कुठं? रोज सकाळी मामा जहाजाच्या पार पुढच्या टोकाला जायचे आणि समुद्राकडं तोंड करून मोकळे व्हायचे. वाऱ्यामुळं शब्द कळत नसत, नुसता सूर यायचा. वहिनींनी आमच्या कुकला विचारलं, "बोसन रोज काय म्हणतात हो?" कुक म्हणजे उदगीरचे अप्पा. शाकाहारी, शिवभक्त, जन्मात शिवी दिली नाही. ते म्हणाले, "भजन हाय, बाई."

"कोणत्या देवाचं?"

"देव अजून ठरला न्हाई."

* * *

आणि मग तो दिवस आला. भर दुपारी आम्ही जहाज धक्क्याला बांधत होतो. अचानक मोठी लाट आली, जहाज सरकलं, दोर ताणला जाऊन करकरायला लागला. रॉडेल नेमका त्याच्या रेषेत, पाठमोरा. मी ओरडलो, "रॉडेल, मूव्ह!" तो वळून म्हणाला, "येस, चीफ?"

मामांनी तिसरी सोडली!

त्या शिवीत चुलता आहे, चुलत्याची वरात आहे, वरातीतलं गाढव आहे आणि पायजम्याची नाडी आहे. नाडीचं काय होतं ते विचारू नका! मामा नाडीपर्यंत पोचायच्या आत डेकवरची आठही माणसं विंचमागं, म्हणजे दोर ओढायच्या यंत्रामागं, आडवी झाली होती. दोर तुटला आणि रॉडेल उभा होता तिथून सपकन गेला. पलीकडचं रेलिंग वाकलं.

माझा वॉकीटॉकी चालूच होता. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, कॅप्टन ऐकत होता, शेजारी वहिनी. मामांनी रॉडेलला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून बघितलं, मग मला म्हणाले, "साहेब, बॅग भरतो."

संध्याकाळी कॅप्टननं रिपोर्ट लिहिला. 'बोसनने स्थानिक भाषेत वेळेवर दिलेल्या इशाऱ्यामुळे खलाशाचा जीव वाचला.' वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी धावत जाऊन मामांना सांगितलं. ते भरलेल्या बॅगेवर बसले होते.

"मंग ही बॅग सोडू का?"

* * *

ऑफिसला तो रिपोर्ट इतका आवडला की चार दिवसांत मेल आली. 'हा इशारा सर्व खलाशांना शिकवावा. कॅप्टनने स्वतः ड्रिल घेऊन व्हिडिओ पाठवावा.'

कॅप्टन इस्त्रीच्या गणवेशात डेकवर आला. मामांकडून लिहून घेतलेला कागद हातात. घसा खाकरून त्यानं शुद्ध पुणेरी उच्चारांत तिसरी शिवी वाचली. कोणी हललं नाही. रॉडेल नम्रपणे म्हणाला, "सॉरी सर, भीती नाही वाटली."

मामा पुढं झाले. "साहेब, तुम्ही तर पाहुण्याला पाटावर बसवून राहिले! पोटातून येऊ द्या की!"

कॅप्टननं कागद खिशात घातला. डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला, आणि सोडली! आम्ही सगळे विंचमागं, मामासुद्धा! अप्पा हातातल्या डावासकट बाहेर पळत आले. तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. ब्रिजवरून वहिनींचा आवाज आला,

"अहो, वरात विसरलात!"