किल्ली धरून ठेवणारी आत्या

आत्या गाडीत कधीच थेट बसली नाही. नाशिक रोडच्या तिच्या सोसायटीत गाडी दिवसभर उन्हात तापायची. आत्या ड्रायव्हरच्या दारात किल्ली घालायची, कुलूप उघडायच्या दिशेने फिरवायची आणि तशीच धरून ठेवायची. चारही काचा एकदम, सावकाश खाली जायच्या. "आधी गाडीला श्वास घेऊ दे," म्हणायची. तोवर आम्ही बाहेर ताटकळत उभे.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, सरकारी नोकरी केली, आणि निवृत्तीनंतर सगळ्या नातेवाइकांची हक्काची ड्रायव्हर झाली. कुणाला मालेगावला लग्नाला पोचव, कुणाला डोळे तपासायला ने. अट एकच: "मागे बसा आणि मला रस्ता शिकवू नका."

काचा वर करतानाही तीच तऱ्हा. किल्ली उलट फिरवून धरायची आणि चारही काचांवर नजर ठेवायची. "हात सोडला की जागच्या जागी थांबतात. कुणाचं बोट अडकायला नको." एकदा गंगापूर रोडला भाजी घेऊन परतलो तर बॅटरी उतरलेली. किल्लीने दार उघडलं, काचा मात्र हलेनात. मी वैतागले. ती म्हणाली, "अगं, कुलूप हाताने फिरतं, काचांना वीज लागते. त्यात गाडीचा काय दोष?" आणि मेकॅनिक येईपर्यंत दार उघडं टाकून कोथिंबीर निवडत बसली.

दोन उन्हाळ्यांपूर्वी तिचा फोन आला. "काचा अर्ध्यावरच थांबतात गं. कुलपात काहीतरी बिघडलंय. येतेस का गॅरेजला?"

द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात तिचा नेहमीचा मेकॅनिक होता, रफिकभाई. त्यांनी किल्ली फिरवून धरली. चारही काचा सरसर खाली गेल्या. वर केल्या, पुन्हा खाली घेतल्या. "मॅडम, गाडी एकदम ओके आहे."

"माझ्या हाताने होत नाही, बघा." आत्याने किल्ली धरली. काचा निम्म्यावर आल्या आणि थांबल्या. तिने पुन्हा फिरवली. जरा खाली गेल्या, थांबल्या. रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर दुसरीकडे वळवली. आत्या आपल्या अंगठ्याकडे बघत होती. तो किल्लीवरून आपोआप सुटत होता.

"बरं," ती म्हणाली. "म्हणजे गाडी बरी आहे."

मज्जातंतूंचा आजार निघाला. एकेका स्नायूची ताकद जात राहणार, आणि त्यावर इलाज नाही. डॉक्टर फार चांगले होते. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. आम्ही मुंबईला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनीही तितकंच नीट समजावलं. वडिलांनी आयुर्वेद करून पाहिला, आईने नवस बोलला. मी रोज संध्याकाळी तिच्या बोटांना तेल चोळायची. "चोळ," ती म्हणायची. "तुला तेवढंच बरं वाटतं." खरंच होतं ते. बोटांना काही फरक पडत नव्हता.

आधी हात गेले, मग पाय. मग बोलणं जड झालं, शब्द एकमेकांत मिसळायला लागले. पहिल्यांदा न कळलं तर ती सावकाश पुन्हा सांगायची. पुढे पुढे आम्ही अंदाज करायचो: पाणी? पंखा? कूस बदलायची? ती मान हलवायची.

गाडी विकायचं तिनेच ठरवलं. सिन्नरकडचं एक तरुण जोडपं घ्यायला आलं, तेव्हा तिने स्वतःला व्हीलचेअरवरून खाली न्यायला लावलं. मी त्यांना कागद दिले. किल्ली दारात घालून कशी धरायची तेही दाखवलं. काचा खाली गेल्या तशी त्या मुलीने हसून टाळी वाजवली.

तेव्हा आत्या काहीतरी म्हणाली. लांबलचक वाक्य होतं.

"काय गं आत्या?" मी वाकून विचारलं. तिने सगळी ताकद लावून पुन्हा म्हटलं. मला एकही शब्द कळला नाही. "गाडीबद्दल?" तिची मान हलली नाही. "त्यांना काही सांगू?" तरीही नाही. ती मुलगी बिचारी पुढे झाली, आत्याच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "हो काकू, नक्की."

आत्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कान तिच्या ओठांशी नेला आणि वाट पाहत राहिले. तिने डोळे मिटून घेतले.

दिवाळीआधी ती गेली. ते वाक्य तिने पुन्हा म्हटलं नाही.