दोन किलोचा घाणा

यंदाच्या मार्चमधला शेवटचा गुरुवार, सकाळचे साडेदहा. हजर: मी, मिरची भाजायचं काम करणाऱ्या मावशी, कोपऱ्यावरच्या घरातल्या दोघी जावा, आणि पलीकडच्या गल्लीतल्या क्लार्कच्या पत्नी. वीज होती.

वहीत एवढंच आहे. पुढचं त्या दिवशी लिहिलं नाही.

कळमनुरीत आमचं मिरची कांडपाचं दुकान आहे. होळीपासून मृगापर्यंत धंदा, एरवी हळद आणि धणे. आमच्या यंत्राला एक अट आहे. दोन किलोच्या खाली मिरची घेता येत नाही. कमी घातली की लोखंडी मुसळ उखळीच्या तळावर आदळतं आणि अर्धा मसाला भिंतीवर जातो. म्हणून एका वेळचा घाणा कमीत कमी दोन किलोचा. आधी याची कुणाला अडचण नव्हती. चार किलो, पाच किलो अशाच पिशव्या यायच्या.

यंदा पिशव्या लहान झाल्या. मिरची महागली, खोबरं तर बायका हातात घेऊन परत ठेवायला लागल्या. किलो, सव्वा किलो घेऊन यायच्या आणि मी परत पाठवायची. यंत्र उभं राहिलं तरी विजेच्या बिलातला ठरलेला आकार चुकत नाही. भाजणीच्या गॅसचंही तेच. पण माझं कसंही निभलं असतं, कारण माझ्या नवऱ्याची नोकरी आहे. मावशींना मजुरी किलोवर मिळते. मिरची भाजली तर पैसे, नाही तर नाही. अकरा उन्हाळे त्या आमच्याकडे येत होत्या आणि या अडीच महिन्यांवर त्यांच्या लेकीच्या नर्सिंगच्या वसतिगृहाचा खर्च चालत होता.

म्हणून मी जोड्या लावायचं ठरवलं. कुणाची मिरची कोणती आणि किती, हे लिहून घ्यायचं, दोघींचं मिळून दोन किलो भरेल अशी जोडी करायची, एकच घाणा काढायचा आणि वजनाप्रमाणे वाटून द्यायचा. सोपं होतं. मला असली कामं आवडतात. बुधवारी संध्याकाळी यादी केली, गुरुवारी तिघींना बोलावलं आणि मोठ्यानं वाचून दाखवली.

पहिली जोडी दोघी जावांची.

"मी हिच्यासंगं?" थोरली म्हणाली. "चूल येगळी करून सात वर्सं झाली. आता मिरचीपायी एक व्हायचं का?"

"मला तरी कुठं हौस हाय," धाकटी म्हणाली. "खोबऱ्याचा भाव इचारा जाऊन."

"तुला काहून पडलंय खोबऱ्याचं? तू तर वासापुरतंच टाकतीस."

"तुमी टाका ना मग दोघींच्या वाटचं!"

मावशी कढईमागून म्हणाल्या, "भांडून घ्या, भांडून घ्या. तेवढीच मिरची कमी लागंल."

सगळ्या हसल्या. क्लार्कच्या पत्नीही हसल्या. जावांचं जमलं, दोघींची किलो-किलो. थोरलीनं जाता जाता धाकटीला बजावलं, "सासूबाईला सांगू नगंस, न्हाईतर म्हणंल आता चूलबी एक करा."

दुसरी जोडी मी वाचली. क्लार्कच्या पत्नींची सव्वा किलो आणि मावशींची स्वतःच्या घरची पाऊण किलो. दोन्ही गुंटूर, एकाच व्यापाऱ्याकडून घेतलेली.

मावशी बौद्ध आहेत. हे मला माहीत नव्हतं असं नाही. यादी करताना मी फक्त वजन पाहिलं.

क्लार्कच्या पत्नी थोडा वेळ पिशवीचा बंद सोडत-बांधत राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, आमचा मसाला जरा वेगळा असतो हो."

"मिरची एकच आहे," मी म्हणाले.

"यांना पित्त आहे ना. हलका लागतो."

"माझाबी हलकाच हाय," मावशी म्हणाल्या. "यंदा लवंग घेतलीच न्हाई. कुठून घ्यावी?"

"तसं नाही मावशी. तुमच्या हातची भाजणी आहे म्हणून तर मी इथं येते." हे त्या मनापासून बोलल्या, आणि ते खोटं नव्हतं. दरवर्षी त्या मावशींनाच शोधत यायच्या. "बघते मी. पुढच्या आठवड्यात येते."

पिशवी घेऊन त्या गेल्या. धाकटी जाऊ छताकडे बघत होती. मावशींनी कढई पुसली आणि मला म्हणाल्या, "ताई, जावांची मिरची टाकू का भाजायला? गॅस चालू हाय."

मी म्हणाले, टाका.

आमच्या घरची दीड किलो मिरची त्या वेळी दुकानातच आतल्या फळीवर होती. तीही दोन किलोला कमीच होती. मावशींच्या नावासमोर मी माझं नाव लिहू शकले असते. तेव्हा सुचलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. सुचलं होतं. माझ्या सासूबाईंचा चेहराही त्याच क्षणी डोळ्यांपुढे आला, आणि मी यादीचं पान उलटलं.

पुढच्या आठवड्यात क्लार्कच्या पत्नी आल्या. सोबत त्यांच्याच गल्लीतल्या एक बाई होत्या. जोडी त्यांनी घरीच लावली होती. मिरचीही घरीच भाजून आणली होती.

"महागाईत तेवढीच बचत, वहिनी," त्या म्हणाल्या.

त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. बचत होतच होती. त्यांचं बघून त्या गल्लीतल्या बाकीच्याही तसंच करू लागल्या, मग आमच्या गल्लीतल्या. भाजणीचा दर वाचवायला किती जणी तसं करत होत्या आणि दुसऱ्या कारणासाठी किती, हे मला सांगता येणार नाही. त्यांनाही सांगता आलं असतं असं वाटत नाही. यंत्र पुन्हा चालू लागलं. कढई मात्र थंड राहिली.

एप्रिलच्या मध्याला मी मावशींना सांगितलं की रोज येऊ नका, सोमवारी आणि गुरुवारी या.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "बसून राहायला ऑटोचं भाडं कोण देईल?" मग म्हणाल्या, "आठ रोजाला एक फेरी केली तरी चालंल का?"

चालेल म्हणाले. त्या दोन गुरुवार आल्या. दुसऱ्या गुरुवारी भाजायला काहीच आलं नाही. दुपारपर्यंत त्यांनी कुणी न सांगता धण्यातली माती निवडली आणि गेल्या. नंतर आल्या नाहीत. धाकट्या जावेकडून कळलं की त्या आता वसमतकडे हळद निवडायला जातात, पहाटेच्या बसनं. लेक वसतिगृह सोडून घरी आली आहे. पुढच्या वर्षी परत जाईल म्हणतात.

मी एकदा फोन केला. बसमध्ये होत्या, नीट ऐकू आलं नाही. "पिशवी राहू द्या ताई, येते कधीतरी," एवढं कळलं.

त्यांची पाऊण किलो मिरची फळीवर आमच्या मिरचीशेजारी आहे. देठं त्यांनी आधीच खुडून ठेवली होती. आता जून लागला. हवा दमट झाली की मिरची सादळते, मग ती भाजूनही कामाची राहत नाही. त्यांची आणि आमची मिळून सव्वा दोन किलो होते, म्हणजे एक घाणा व्यवस्थित भरतो. तो काढायचा आहे. त्यांच्या वाट्याचा मसाला डब्यात भरून त्यांच्या घरी नेऊन द्यायचा आहे. त्याआधी सासूबाईंना सांगायचं आहे की यंदाचा आपला मसाला कुणासोबत कांडला जाणार आहे.

रोज सकाळच्या कामांच्या यादीत हे पहिलं लिहिते. अजून सांगितलेलं नाही.