न्हाईवाल्यांची भाकरी

माळावर परदेशी कंपनी येणार म्हणून ग्रामसभा झाली. जमीन द्यायची असेल त्यांनी हात वर करा म्हणाले. मी केला. धाकटा भाऊ मांडीला मांडी लावून बसला होता, त्याने केला नाही. त्या दिवसापासून गावात दोनच जाती राहिल्या, व्हयवाले आणि न्हाईवाले. पिठाच्या गिरण्यासुद्धा वेगळ्या झाल्या.

मोजणीच्या दिवशी दगडफेक झाली. पोलिसांनी न्हाईवाले गाडीत घातले, त्यात भाऊ होता. सुटून आला तो माझ्या दारात उभा राहिला. म्हणाला, "या उंबऱ्याच्या आतलं पानी मला हराम." तिथून आमचं बोलणं बंद.

कंपनी झाली. अजून चालू आहे.

बायको यंदा गेली. दवाखान्यात तिला एकच घोर होता. "मी गेल्यावर भाकर कोन आननार वो?"

"गप पड," म्हणालो.

मयताच्या घरात चूल पेटत नाही. पहिली भाकरी भावकीने आणायची, आणि सख्खा भाऊ असताना ती त्याच्याच घरची. आली नाही तर नातं कायमचं तुटलं, असं आमच्यात धरतात.

तिला पोचवून आलो. भाऊ खांद्याला नव्हता. कंपनीचा साहेब आला, कुठल्या देशाचा कोण जाणे, कमरेत वाकला आणि गेला. व्हयवाल्यांनी हॉटेलातलं पार्सल आणलं.

"खा की आबा, पोटाला काय कळतंय?"

"ठेव तिथं."

भूक नव्हती. रडूही नव्हतं. भिंतीला टेकून बसलो होतो.

दिवस कलल्यावर भावाची बायको टोपली घेऊन आली. डोक्यावर पदर, तोंड भिंतीकडे.

"आमी न्हाईवालेच हाय, भावजी. त्यात फरक न्हाई. जाऊबाईंनी दवाखान्यातून फोन केल्ता, म्हनून आनली. पिठलं अळनी हाय. तुमाला बीपी हाय म्हनं."

खाल्लं. चव कळली नाही.

भाऊ बाहेर दगडावर बसला होता, उंबऱ्याच्या पलीकडे. टोपली घेऊन ती बाहेर गेली तेव्हा त्याने तिला विचारलं, "जेवला का?"

मीच आतून म्हणालो, "जेवलो."

तो उठला, तिच्या हातातली टोपली घेतली आणि घराकडे चालू लागला.