आईची फुंकर आणि भुलीचे डॉक्टर

आमच्या घरात मेणबत्तीचे उपयोग पुष्कळ आहेत. पावसाळ्यात फुगून बसलेल्या टेबलाच्या खणाला ती घासतात. खाऱ्या हवेनं अडकलेल्या पिशवीच्या चेनवर ती फिरवतात. सुईत न जाणाऱ्या दोऱ्याला तिचं टोक लावतात. लाइट गेली की पेटवतातही. फक्त तिला फुंकत नाहीत. तोंडानं फुंकून ज्योत विझवली की घरातल्या कुणाचं तरी वाईट होतं, असं माझ्या आईचं मत आहे. आईच्या मतांना आमच्याकडे मत म्हणत नाहीत, नियम म्हणतात.

देवापुढचा दिवा फुंकायचा नाही हे सगळ्यांनाच माहीत असतं. आईनं तो नियम कंदिलाला, काडेपेटीच्या काडीला आणि मेणबत्तीलाही लावला. मेणबत्ती मालवायची ती ओल्या चिमटीनं. पाहुण्यांना हे जमत नाही. ते एकदा चटका खातात आणि पुढच्या वेळी टॉर्च घेऊन येतात.

या नियमाला एक पुरावाही आहे. भाऊ लहान असताना आमच्या आळीत पहिल्यांदा मेणबत्त्यांचा केक आला, तो त्याच्या वाढदिवसाला. त्यानं गाल फुगवून सगळ्या एका दमात विझवल्या आणि पुढच्याच आठवड्यात फणसावरून पडून हात मोडून घेतला. ती फांदी किडकी आहे हे त्याला तिघांनी सांगितलं होतं, पण आईनं ती साक्ष नोंदवून घेतली नाही. दोषी मेणबत्तीच ठरली.

त्यानंतरही केक येत राहिले, मेणबत्त्याही लागत राहिल्या, पण त्या आपल्या आपण संपेपर्यंत आम्ही वाट बघायचो. गाणं एकदा म्हणून व्हायचं, मग पुन्हा एकदा व्हायचं, मग आळीतली पोरं भिंतीला टेकून बसायची. मेण हळूहळू क्रीमवर उतरायचं. केकमधलं मेण दाताला कसं लागतं, हे मला आजही डोळे मिटून ओळखता येईल.

माझी स्वतःची मेणबत्तीबद्दल काही खास भावना नाही. आरे-वारेच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर माझ्या दोन खोल्या आहेत, त्या पर्यटकांना देते. त्यातल्या जोडप्यांना वाळूत मेणबत्ती लावून जेवायचं असतं. आमच्या किनाऱ्यावरचा वारा तवा उलथून टाकतो, तिथे मेणबत्तीची काय कथा. मी पाण्याची बाटली कापून तिच्यात ती उभी करून देते. मग दोघं एकमेकांकडे न बघता बाटलीवर हात धरून बसतात आणि त्यांची सुरमई गार होते. मोर्च्यातही मी एकदा मेणबत्ती धरली आहे. मेण मनगटावर ओघळलं आणि पुढच्या बाईच्या पदराकडे लक्ष ठेवण्यात घोषणा द्यायच्या राहून गेल्या. माणूस जन्मला त्या दिवशी ती विझवायची आणि माणूस गेल्यावर पेटवायची, हे कुणी ठरवलं कोण जाणे. आईला विचारलं असतं तर तिनं उलटं ठरवलं असतं.

तर गेल्या पावसाळ्यानंतर आईच्या पित्ताशयात खडे निघाले. पोटात कळ यायची आणि ती पदराचा बोळा तोंडात धरून कॉटच्या कडेवर बसून राहायची. सर्जन म्हणाले, ऑपरेशन करून टाकू, दुर्बिणीचं आहे, सोपं आहे. पण आदल्या महिन्यात तिला न्यूमोनिया झाला होता आणि त्याच्या आधी जन्मभर चुलीचा धूर. भुलीच्या डॉक्टरांनी छाती तपासून मान हलवली. आधी फुप्फुसं सुधारा, मग बघू. आणि खडे मध्येच अडकले तर घाईघाईनं आंबा घाटातून कोल्हापूर गाठावं लागेल, तेव्हा फार वेळही लावू नका.

फुप्फुसं सुधारायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी आली. तिनं आईला तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र दिलं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा की चेंडू वर जातात. ओढण्याबद्दल आईची काही तक्रार नव्हती. मग ती मुलगी म्हणाली, "आणि आजी, श्वास सोडायचा व्यायाम सोपा आहे. समोर मेणबत्ती ठेवायची आणि फुंकायची. रोज थोडी थोडी लांब सरकवायची."

"बरं," आई म्हणाली. ती मुलगी फाटकाबाहेर गेल्यावर म्हणाली, "काही नको."

मी दुसरे उपाय काढले. फुगा आणला. फुग्याबरोबर आईची कवळी बाहेर आली आणि दोन्ही अंगणात गेली. ग्लासभर पाण्यात नळी घालून बुडबुडे काढायला सांगितले, तर तिनं ते पाणी ओढून पिऊन टाकलं. पिपाणी आणली. ती तिनं एकदा वाजवली, शेजारची दोन कुत्री रडायला लागली, आणि ती म्हणाली, "बघ, कुत्री रडली. हा पण अपशकुनच."

मी मुंबईत असलेल्या भावाला फोन लावून तिच्या हातात दिला.

"आई, अगं फुंक की. जगात लोक रोज मेणबत्त्या फुंकतात. काय होतं त्यांना?"

"त्यांची हाडं मोजायला कोण जातंय? तुझा हात अजून पावसात दुखतो ना?"

"तो दुखतो कारण मी पडलो होतो."

"मग मी तेच म्हणतेय."

मग मी भटजींना विचारलं. ते जाणते गृहस्थ आहेत. म्हणाले, शास्त्रात मेणबत्तीच नाही, तेव्हा तिचा दोषही नाही, खुशाल फुंकू दे. मी हा निर्णय मोठ्या आवाजात आईला ऐकवला. आई तांदूळ निवडत होती. "त्यांना काय जातंय सांगायला," ती म्हणाली. "त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे."

शेजारच्या भाभींनीही प्रयत्न केला. त्यांचे यजमान कुवेतला असतात आणि दर खेपेला त्यांना वासाच्या मेणबत्त्या पाठवतात. त्यांतली गुलाबाच्या वासाची एक काचेच्या भांड्यातली मेणबत्ती घेऊन त्या आल्या.

"मावशी, दर्ग्यातली मेणबत्ती आमच्यात पण कोण फुकीत नाय. पण ही काय दर्ग्यातली हाय? ही दुकानातली हाय."

"दर्ग्यातली पण दुकानातूनच येते ना गो?"

भाभी विचार करून म्हणाल्या, "ता पण खरा," आणि चहा पिऊन गेल्या. मेणबत्ती ठेवून गेल्या. घराला दोन दिवस अत्तराच्या दुकानासारखा वास येत होता आणि आईची छाती होती तशीच होती.

त्याच आठवड्यात तिला पुन्हा कळ आली. या वेळी जास्त वेळ राहिली. ओठ पांढरे पडले होते. कळ ओसरल्यावर मी तिला घामानं भिजलेलं पोलकं बदलायला दुसरं दिलं आणि सरळ विचारलं, "आई, एका फुंकरीसाठी मरणार आहेस का?"

"दुखणं माझं आहे," ती म्हणाली. "ते मी सोसते. मी फुंकली आणि तुला नाहीतर त्याला काही झालं, तर ते कोण सोसणार?"

मी ओरडले. तीही ओरडली. ओरडताना तिला धाप लागली, आणि फुप्फुसांची काय अवस्था आहे ते आम्हा दोघींनाही कळलं. मग आम्ही पेज खाल्ली.

दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर ती म्हणाली, "न्हाणीतली फुंकणी आण."

आमच्याकडे आंघोळीचं पाणी आता गीझरवर तापतं, पण न्हाणीतली चूल तशीच आहे आणि तिच्या मागे लोखंडी फुंकणी पडलेली असते. मी म्हटलं, "चूल पेटवायची नाही. धूर बंद सांगितलाय."

"चूल कोण पेटवतंय? आण म्हटलं ना."

मी फुंकणी घासून पुसून आणली. आईनं जेवणाच्या टेबलावर मेणबत्ती लावायला सांगितली, फुंकणी तोंडाला लावली आणि नेम धरला. मेणबत्ती गेली.

"बघ," ती म्हणाली. "तोंडानं नाही विझवली. फुंकणीनं विझली."

"आणि फुंकणीला वारा कुणी दिला?"

"आयुष्यभर हिनं मी जाळ पेटवला. तेवढं पुण्य आहे हिच्या पदरी. पुढच्या तपासणीपर्यंत पुरेल."

चालणाऱ्या गोष्टीचं कारण विचारू नये, हे मी खोल्या चालवून शिकले आहे. रोज सकाळी आणि संध्याकाळी आई फुंकणी घेऊन बसायची आणि मी मेणबत्ती टेबलावर थोडी थोडी मागे सरकवायची. भाभी बघायला यायच्या आणि शिकारीला आल्यासारख्या दबक्या आवाजात बोलायच्या. फिजिओथेरपिस्ट मुलीला मी मोबाइलवर व्हिडिओ काढून पाठवला, तर तिचा फोन आला. "मावशी, ही चीटिंग आहे. नळीतून सोपं जातं."

"पण फुंकतेय ती."

"फुंकू देत. पण भुलीचे डॉक्टर नळीशिवाय फुंकायला लावतात. तोंड उघडं ठेवून. तिथे काय करणार?"

हे आईला मी सांगितलं नाही. तपासणीला जाताना फुंकणी मात्र पिशवीत घालून नेली.

भुलीचे डॉक्टर माझ्याच वयाचे, शांत गृहस्थ होते. त्यांनी छाती ऐकली, पुष्कळ बरं वाटतंय म्हणाले, आणि टेबलाच्या खणातून एक मेणबत्ती काढली. ती तीनच्या आकड्याची होती, वरचा वाटोळा भाग अर्धा वितळलेला. मी पिशवीतून फुंकणीचं टोक बाहेर काढलं. त्यांनी ते बघितलं, हसू आवरलं आणि मानेनं नाही म्हटलं.

"आजी, कवळी काढा. ओठ मिटायचे नाहीत. तोंड उघडं ठेवून हा करून फुंकायचं. विझली की झालं."

आईनं कवळी काढून माझ्या हातात दिली आणि बोळक्या तोंडानं विचारलं, "ही कुणाची?"

"आमच्या सिस्टरच्या मुलाच्या वाढदिवसाची उरली होती."

सिस्टर दाराशी उभ्या होत्या. आई त्यांच्याकडे वळली. "त्यानं फुंकली होती?"

"हो. त्यानंच."

"मग नंतर पडला-बिडला का?"

"तो रोजच पडतो, आजी."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. डॉक्टरांनी पंखा बंद केला, मेणबत्ती पेटवली आणि तिच्या तोंडासमोर धरली. आई हलली नाही.

"मला भूल तुम्हीच देणार?"

"हो, मीच."

"मग तुमच्या हातातली मी नाही फुंकणार."

"का हो?"

"त्या दिवशी तुमचंच काही वाकडं झालं तर? तुमचा हात धड राहायला हवा."

डॉक्टरांच्या हातातल्या मेणबत्तीचं एक टिपूस आईच्या फाइलवर पडलं. बाहेर बाकावर पेशंट खोकत होते. "आजी," ते सावकाश म्हणाले, "तुम्ही फुंकली नाही तर मला फिट लिहिता येणार नाही. मग ऑपरेशन नाही."

माझ्या मुठीत आईची कवळी होती आणि मी ती इतकी आवळली होती की दातांचे वळ उठले.

आईनं हात पुढे केला. "इकडे द्या ती."

डॉक्टरांनी मेणबत्ती दिली. आईनं ती उजव्या हातात नीट धरली, वर छताकडे बघितलं आणि ऑफिसात तक्रार नोंदवावी तशा आवाजात म्हणाली, "ही आता माझी. हातही माझा. जे काय व्हायचं ते मला होऊ दे. पोरांचा संबंध नाही. डॉक्टरांचा नाही. त्या बाळाचा पण नाही."

डॉक्टरांनी तिचं कोपर धरून हात थोडा लांब केला. तिनं तोंड उघडलं आणि फुंकली. ज्योत वाकली आणि परत उभी राहिली. आईनं डोळे बारीक केले, खांदे वर घेतले आणि दुसऱ्यांदा फुंकली. ज्योत गेली. धुराची एक रेघ सिस्टरच्या टोपीपर्यंत गेली आणि डॉक्टर फिट लिहायला बसले.

रिक्षात मी म्हटलं, "हे घरीच करता आलं असतं. आपल्या हातात धरून."

"घरातली घराची असते. ही परक्या ठिकाणची होती."

"मग फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन फुंकायची."

"तेव्हा नाही सुचलं," आई म्हणाली आणि रिक्षावाल्याला सावकाश चालवायला सांगितलं.

ऑपरेशन नीट झालं. खडे एका छोट्या बाटलीत घालून मिळाले. भेटायला येणाऱ्याला आई ते चहाच्या आधी दाखवायची. पण ती घरी आल्यापासून सावध होती. जे व्हायचं ते तिला होणार होतं आणि ते अजून झालं नव्हतं. तिनं मला आपल्या शेजारी बसू देणं बंद केलं. रिक्षात मला पुढे बसायला सांगायची. भाऊ भेटायला आला तर त्याला दोन खुर्च्या सोडून बसवलं. जिना उतरताना "बाजूला व्हा सगळी" म्हणायची, जणू वरून ट्रक येतोय.

असे पुष्कळ दिवस गेले. मग एका दुपारी ती जेवून उठली, झोपाळ्यावर बसली आणि काहीतरी कट्कन मोडलं. उठून बघितलं तर तिचा चष्मा. काडी एकीकडे, काच एकीकडे.

आई त्या तुकड्यांकडे बघत राहिली, आणि मग इतकी प्रसन्न हसली की मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. "सुटले," ती म्हणाली. तिनं स्वतः भावाला फोन लावला. शेजारी जाऊन भाभींना सांगितलं. त्या संध्याकाळी ती माझ्या शेजारी बसून बोंबील जेवली, तळलेले, दोन.

दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात मुलानं मोडकी फ्रेम उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "आजी, कशानं मोडला?"

"मेणबत्तीनं," आई म्हणाली.

त्यानं फ्रेम नाकाजवळ नेऊन वास घेतला. मी त्याला नवी फ्रेम दाखवायला सांगितली. गिऱ्हाइकं बरीच होती, आणि आम्हाला अजून मासळी बाजारात जायचं होतं.