रिकामे चौकोन

क्रीडा मंडळाच्या मुलींच्या खो-खो संघाचा इतिहास लिहायचं आमच्या प्रशिक्षक सरांनी माझ्यावर सोपवलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, आणि मला कॉलेजपर्यंत पोचवलं ते मंडळाच्या मैदानाने. नाही म्हणणं शक्यच नव्हतं. काल संध्याकाळी वही घेऊन मैदानावर गेले.

खो-खोत पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी रांगेत बसतात. काल सहाच बसल्या होत्या. दोघींना घरच्यांनी दहावीच्या क्लाससाठी थांबवलं होतं. रविवारपर्यंत त्या जागा भरल्या नाहीत, तर यंदा जिल्हा स्पर्धेत आमचा संघ नाही.

"वही ठेव, बस," सर म्हणाले. एका रिकाम्या चौकोनात मी बसले, दुसऱ्यात ते स्वतः.

"सर, वयाचा दाखला आणलाय का?" पळणाऱ्या पोरीने विचारलं.

"उंदरांनी खाल्ला. तू पळ."

मातीवर बसल्या बसल्या वाटलं, इतिहासात लिहू तरी काय? पोरी मोठ्या होतात, निघून जातात. मीही गेलेच. दरवर्षी कुणीतरी दारोदार जाऊन आईबापांची मनधरणी करतं, म्हणून रांग पुन्हा भरते. माझ्या वडिलांपुढे सर तीनदा येऊन बसले होते.

तेवढ्यात सरांच्या पाठीवर खो पडला. उठायला त्यांनी जमिनीला हात टेकला, पुन्हा टेकला. पळणारी पोरगी दोन हातांवर थांबून राहिली. कुणी हसलं नाही.

उभे राहिल्यावर सर तिच्यामागे धावले नाहीत. कपडे झटकत मला म्हणाले, "चल, दिवेलागणीआधी त्या दोघींची घरं करू. आता तू बोल. मी दमलोय."