खिंड उलटी चढणारा धर्मा

“खिंड उलटी चढते, तिला तू गाडी म्हणतोस?”

“आन् ही तुमची? हिला आवाज तरी हाय का, वैनी? मागनं आली तर बैलालासुदा कळायचं न्हाय.”

“बैलाला कळवायला नाही आणली. माणसं बसवायला आणली आहे.”

मोटारीच्या मालकीण मनुबाई आणि त्यांचा ड्रायव्हर धर्मा, दोघं छपरीत उभी होती. एका अंगाला मनुबाईंच्या नवऱ्याच्या वेळची उघडी फोर्ड, दुसऱ्या अंगाला चौतीस सालची, लांब नाकाची, काचा वर-खाली होणारी नवी. मिठागरवाला रघू फोर्डचं इंजिन पाणी उपसायला मागत होता आणि मनुबाईंनी त्याला हो म्हटलं होतं. आता धर्माने नवी चालवायची, नाहीतर भावाच्या शेतात परत जायचं.

शेतात? धर्मा? एकवीस साली धरमतर-अलिबाग रस्त्यावर फोर्डच्या चाकामागे बसल्यापासून त्याने चिखलात पाय घातला नव्हता. भाऊ भात झोडायचा तेव्हा हा खळ्याच्या कडेला टोपी घालून उभा राहायचा आणि बैलगाडीला ‘शेपटी पिरगळायचं वाहन’ म्हणायचा.

फोर्डचं पेट्रोल बैठकीखालच्या टाकीतून आपसूक पुढे उतरायचं. चढावर नाक वर झालं की इंजिन उपाशी. म्हणून खिंड आली की धर्मा उतारूंना खाली उतरवायचा, गाडी फिरवायचा आणि सासरी निघालेल्या नवरीसारखा मागे बघत बघत उलटा चढून जायचा. वर पोचल्यावर घामाघूम वकील-मामलेदारांना विचारायचा, “आलात का चालत?”

“ही पाच माणसं घेऊन सरळ चढते,” मनुबाई म्हणाल्या. “वळणावर पान खाणाऱ्याचा चुना सांडत नाही. तुझ्या फोर्डमध्ये माणूस अलिबागेला पोचतो, दात धरमतरला राहतात.”

“चिखलात रुतली तर? फोर्ड चार माणसं उचलत्यात. ही म्हैस कोन उचलणार?”

“हिला हँडल मारावं लागत नाही, मनगट तरी मोडत नाही.”

“बटन दाबून चालू व्हते, ती काय गाडी? त्यो दिवा हाय.”

“मग परवा दिव्याने कोळणीच्या पाट्या कशा तुडवल्या?”

धर्माने तोंड फिरवलं. परवा तो पहिल्यांदाच नवी घेऊन धक्क्यावर गेला होता. थांबायच्या जागी गाडी थांबली नाही. ती आणखीच भरधाव सुटली आणि सुक्या बोंबलांच्या पाट्यांवर चढून बंद पडली. बायजा कोळीण वेळेवर बाजूला झाली म्हणून वाचली. बोंबील झटकत ती म्हणाली होती, “तुजी फोर्ड बरी रं धर्मा, ती तरी मागं पलाली असती.”

“गाडी उधळली,” धर्मा आता म्हणाला. “जातच वाईट हाय तिची. फोर्ड माज्या पायाचं ऐकते.”

“बस आत.”

“कशाला?”

“बस म्हणते ना. चालू करू नकोस.”

तो बसला. टोपी सारखी केली, चाक धरलं, आणि फोर्डमध्ये बसायचा तसाच छाती काढून समोर बघू लागला. मनुबाई दाराशी उभ्या राहिल्या.

“खिंड उतरलास. पुढे वळण आहे. वळणावर गुरं—थांब.”

धर्माचा उजवा पाय सपकन खाली गेला. फोर्डमध्ये तिथे ब्रेक होता. चौदा वर्षं तो पाय तिथेच गेला होता. या गाडीत ब्रेक मधे होता, आणि उजवीकडे होतं ते गाडी पळवायचं पायडल.

मनुबाईंनी वाकून पाहिलं.

“कुठला दाबलास, धर्मा?”

त्याने पायाकडे पाहिलं. पाय अजून दाबलेलाच होता.

“माझा भाचा कान्हा शिकवेल तुला. चार दिवस त्याच्या शेजारी बस. पोरगा आहे, पण हसायचा नाही. बसशील?”

धर्मा उतरला. दार लोटलं, ते लागलं नाही, पुन्हा लोटलं. धोतराचा सोगा झटकून तो फोर्डच्या बाजूने छपरीबाहेर गेला.

“धर्मा, मी काय विचारते आहे?”

तो भावाच्या शेताच्या रस्त्याला लागला होता.