खोट्या माणसांची यादी

ऑफिसात तिला सगळे भिंगरी म्हणतात, आणि ते नाव मीच पाडलंय. ही बाई खुर्चीत टिकेल तर शपथ. चहा चालत पिते, फोन आला की खिडकी ते दार येरझाऱ्या घालते, मीटिंगमध्ये पाय हलवून हलवून सगळ्यांचं टेबल हलवते. तिच्या शेजारी बसून नोंदी घ्यायच्या म्हणजे माझ्या डोक्याला ताप. पण मोबाइलवर कुठलं बटण कुठे हवं, हे तिला कळतं तेवढं आमच्या साहेबांच्या सात पिढ्यांना कळायचं नाही.

आधी ती विद्यापीठात संशोधन करायची. चौथ्या वर्षी सोडलं. का, ते कुणालाच माहीत नाही. मी एकदा विचारलं, तर "ताई, तो विषय नको" म्हणाली आणि तरातरा जिना उतरून गेली. तिची आई मात्र नातेवाइकांना अजून सांगते, की पोरीचं थोडंच राहिलंय.

यंदा काम आलं ते नेमकं तिच्या दुखऱ्या जागेवरचं. संशोधन करणारी मुलं आपापल्या खोलीत एकटीच कुढत बसतात, त्यांनी एकमेकांना शोधावं, बोलावं, म्हणून एक अ‍ॅप. चाचणीपुरती त्यात माणसं हवीत, म्हणून आम्ही बारा खोटे विद्यार्थी रचले. अकरा जणांचे विषय हसतखिदळत ठरवले. शेवटच्या मुलीचा तिने एकटीनेच भरला: कोरड्या दिवसांत गोगलगायी शंखात झोपून किती काळ काढतात. मी म्हटलं, तू आणि गोगलगाय? एरवी खिदळली असती, तेव्हा हसलीसुद्धा नाही.

चाचणीचा नियम असा, की समोरच्याला मदत करायची नाही. तो अडला तरी आपण गप्प. त्याने मनात येईल ते मोठ्याने बोलायचं, मी लिहायचं. भिंगरीला ही शिक्षाच. पहिला मुलगा 'शोधा' सोडून घंटीच्या चित्रावर बोट मारत राहिला, तेव्हा तिने स्वतःचे हात मांडीखाली दाबून धरले होते. दुसऱ्याने तर स्वतःलाच निरोप पाठवला आणि वर उत्तराची वाट बघत बसला.

पाचवी मुलगी आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. म्हणाली, तिला या अ‍ॅपचा उपयोग नाही, महिनाअखेरीला ती संशोधन सोडतेय, पत्र लिहून तयार आहे. विषय विचारला, तर गोगलगायी. विद्यापीठ भिंगरीचंच, तिथलीच मुलं आमच्याकडे येत होती, म्हणजे हे कधीतरी होणारच होतं. मुलगी पुढे म्हणाली, की तिच्याआधी याच विषयावर कुणी होती म्हणतात, पण जाताना एक कागद ठेवला नाही. भिंगरी उठली, खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली.

मुलीने विषय टाकून शोधलं आणि ती खोटी मुलगी सापडली. मजकूर तिने दोनदा मोठ्याने वाचला. मग भरभर लिहू लागली. चाचणीतले निरोप भिंगरीच्या फोनवर येतात. तो टेबलावरच थरथरला, आणि निरोप मलाही वाचता आला: 'मी सोडतेय. त्याआधी एकदा भेटाल का?'

शेवटी ही माणसं खोटी आहेत हे सांगायचं काम माझं. माझी जीभ रेटेना. तरी मी सुरुवात केली, तर भिंगरीने माझा हात धरला.

"ही खोटी नाही," ती म्हणाली. "मीच ती."

मला वाटलं, आता मुलगी चिडणार, का सोडलंत म्हणून जाब विचारणार. ती खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "एकदा जागून दुसऱ्यांदा झोपल्यावर तुमच्या गोगलगायी उठल्या का?"

भिंगरीने सांगितलं, की एकशे चाळीसपैकी एकही उठली नाही. पाणी शिंपडलं, तीन आठवडे रोज डबे उघडून पाहिले. आपल्याच हातून काहीतरी चुकलं असं वाटलं, इतकी लाज वाटली की कुणाला न सांगता वह्या उचलल्या आणि निघून आली.

"माझ्याही नाही उठल्या," मुलगी म्हणाली. "मलाही वाटलं, मीच मारल्या."

मी लिहायचं थांबले. माझेच डोळे भरून आले होते, कागदावरचं काही दिसेना. मुलीने हळूच विचारलं, वह्या आहेत का अजून. भिंगरीने मान हलवली, आईकडे आहेत.

"पाच वर्षं," ती म्हणाली. "पाच वर्षं मी कुणाला विचारलंच नाही."